टॉवेलचा माग सुरू होण्याआधीचे काही सेकंद: नव्या बोर्डाचा बूटलोडर कोड तपासताना नेमकं काय पाहतात?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरी विणणारे कारखाने ओळीने उभे आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या टॉवेलवर फुलं, पट्टे किंवा एखाद्या हॉटेलचं नाव विणून येतं ते जॅकार्डमुळे. कोणता उभा धागा कधी वर उचलायचा हे जॅकार्ड ठरवतं. जुन्या जॅकार्डमध्ये हे काम छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ करायची. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आणि पुठ्ठ्यांच्या जागी एक कंट्रोलर बसला. डिझाइन आता पेन ड्राइव्हमधून येतं.

सोय मोठी झाली, पण एक फरक पडला. पुठ्ठ्यांचं जॅकार्ड वीज आली की मोटरबरोबर फिरायला लागतं. कंट्रोलर हा एक छोटा कम्प्युटर आहे, त्यामुळे त्याला आधी स्वतः उठावं लागतं. त्याला उठवणाऱ्या प्रोग्रामला बूटलोडर म्हणतात. हा प्रोग्राम अडकला तर माग धड असतो, सूत चढवलेलं असतं, कामगार हजर असतो आणि समोरचा पडदा मात्र काळा असतो. अशा वेळी जॉबरचा पाना काही कामाचा नाही.

मग हा कोड लिहितं कोण, आणि तो बरोबर आहे हे तपासतं कोण? प्रश्न कोडवाल्यांचा वाटतो. पण गेल्या दोन वर्षांत तीन गोष्टी अशा घडल्या आहेत की तो कारखानदारापर्यंत येऊन पोहोचला आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन लोकप्रिय बूटलोडरमध्ये मिळून २० सुरक्षा त्रुटी सापडल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकचा 'ध्रुव ६४' हा भारतीय मायक्रोप्रोसेसर समोर आला. आणि युरोपचा नवा सायबर कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे.

बूटलोडर नेमकं करतो काय?

कंट्रोलरला वीज मिळाली की मुख्य चिपला जवळपास काहीच माहीत नसतं. बोर्डावर रॅम किती आहे, स्क्रीन कुठे जोडली आहे, प्रोग्राम कोणत्या मेमरीत ठेवलाय, काहीच नाही. चिपच्या आत कंपनीने कायमचा कोरून ठेवलेला एक लहानसा प्रोग्राम असतो. तो फक्त पुढचा तुकडा शोधून आणतो. हा तुकडाही छोटाच असावा लागतो, कारण बाहेरची रॅम अजून सुरूच झालेली नसते आणि चिपच्या आतली मेमरी अगदी थोडी असते. या छोट्या तुकड्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे रॅम चालू करणं. रॅम चालू झाली की पूर्ण बूटलोडर त्यात येतो, बाकीचं हार्डवेअर जागं करतो, लिनक्स मेमरीत आणतो आणि त्याच्या हाती कारभार सोपवून बाजूला होतो.

लिनक्सवर चालणाऱ्या अशा औद्योगिक उपकरणांमध्ये सर्रास वापरला जाणारा बूटलोडर म्हणजे 'यू-बूट'. जर्मनीतले वोल्फगांग डेंक यांनी तो नावारूपाला आणला. आधी त्याचं नाव पीपीसीबूट होतं, २००२ मध्ये तो यू-बूट झाला. डेंक यांचं २०२२ मध्ये निधन झालं. त्याआधीच, २०१२ पासून, प्रकल्पाची मुख्य जबाबदारी टॉम रिनी यांच्याकडे आहे. दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती येते. हजाराहून जास्त बोर्डांसाठीचा कोड या एकाच प्रकल्पात आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. घरच्या कम्प्युटरवर कोणत्याही कंपनीचा मदरबोर्ड असो, विंडोज किंवा लिनक्स त्याला विचारून माहिती घेऊ शकतं. लहान बोर्डांचं तसं नसतं. एकच चिप वापरून दोन कंपन्यांनी दोन बोर्ड बनवले, तर रॅम वेगळी, वायरिंग वेगळं, बटणं वेगळी. म्हणून प्रत्येक नव्या बोर्डासाठी यू-बूटमध्ये वेगळा कोड घालावा लागतो. हा कोड 'पॅच' म्हणून पाठवला जातो, जाणकार लोक तो सर्वांसमोर ओळ न् ओळ तपासतात आणि पटला तरच मूळ प्रकल्पात घेतात. यालाच रिव्ह्यू म्हणायचं.

'आमच्याकडे चालतंय' एवढं पुरत नाही

समजा, एखाद्या कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी नवा बोर्ड बनवला आणि त्याचा पॅच पाठवला. बोर्ड सुरू होतो, लिनक्स चालतं, जॅकार्ड उचलतं. तरीही पहिल्या फेरीत पॅच स्वीकारला जाण्याची शक्यता कमीच. तपासणाऱ्याच्या टेबलावर तो बोर्ड बहुतेक वेळा नसतोच. त्याला दिसतो फक्त कोड. त्यामुळे त्याचे प्रश्न वेगळे असतात.

पहिला प्रश्न हार्डवेअरच्या नकाशाबद्दल. बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं वर्णन 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये असतं. लिनक्सलाही हीच फाइल लागते आणि यू-बूटलाही. पूर्वी अनेक बोर्डांची वर्णनं दोन्हीकडे वेगवेगळी पडली होती. एकीकडे दुरुस्ती झाली की दुसरीकडे जुनीच चूक राहायची. २०२४ पासून यू-बूटने लिनक्सकडची वर्णनं थेट आपल्याकडे घेण्याची व्यवस्था केली. त्यामुळे आता नव्या बोर्डाला सहसा आधी लिनक्सकडे जाऊन ये, असं सांगितलं जातं. घाईत असलेल्या कंपनीला हे जाचक वाटतं. एका दाराऐवजी दोन दारं ठोठवायची. पण एकाच पायपाची दोन वेगवेगळी ड्रॉइंग असली की प्लंबरचं काय होतं, तेच इथे होत होतं.

दुसरा प्रश्न रॅमचा. रॅम सुरू करताना वेळेचे खूप सारे आकडे द्यावे लागतात. हे आकडे जराही काठावरचे असले तर गंमत अशी होते की बोर्ड एसी असलेल्या लॅबमध्ये व्यवस्थित चालतो आणि उन्हाळ्यात, चाळिशी पार केलेल्या सोलापुरात, मागाशेजारच्या पेटीत बसवला की अधूनमधून अडकायला लागतो. कोड वाचून ही चूक दिसत नाही. म्हणून जाणता रिव्ह्यूअर विचारतो: हे आकडे चिप कंपनीच्या टूलमधून आले की दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमधून उचलले? किती बोर्डांवर तपासलं? 'मी कोड वाचला' आणि 'मी प्रत्यक्ष चालवून पाहिला' या दोन गोष्टींसाठी पॅचवर दोन वेगळ्या नोंदी असतात, त्या याच कारणाने. दुसरी नोंद नसेल तर पहिलीला तितकं वजन राहत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोर्डाच्या पॅचमध्ये एक यादी असते. यू-बूटमधल्या कोणत्या सोयी चालू ठेवायच्या आणि कोणत्या बंद, याची. बहुतेक जण चिप कंपनीच्या नमुना बोर्डाची यादी उचलतात. नमुना बोर्ड हा प्रयोगासाठी असतो, त्यामुळे त्यात सगळंच चालू असतं: नेटवर्कवरून बूट, यूएसबीवरून बूट, अनेक प्रकारच्या फाइल सिस्टिम वाचायची सोय. आता विचार करा. जॅकार्डचा कंट्रोलर, डिझाइन पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह डिझाइनरच्या कम्प्युटरवरून तीन कारखाने फिरून आलेला. बूटलोडरच्या क्रमात यूएसबी पहिल्या नंबरला असेल, तर वीज येताना लावून ठेवलेला तो पेन ड्राइव्ह कंट्रोलरचा ताबा घेऊ शकतो. व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर तेव्हा अस्तित्वातच नसतं, कारण लिनक्स अजून उठलेलं नाही.

ही भीती पुस्तकी नाही. मायक्रोसॉफ्टने ३१ मार्च २०२५ रोजी जाहीर केलेल्या २० त्रुटींपैकी ११ ग्रब २ या बूटलोडरमध्ये होत्या आणि उरलेल्या ९ यू-बूट व बेअरबॉक्समध्ये. यू-बूटमधल्या त्रुटी फाइल सिस्टिम वाचणाऱ्या भागातच होत्या. मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की मेमरीत नको तिथे लिहिलं जातं, असा तो प्रकार. त्यांचा गैरफायदा घ्यायला उपकरणाजवळ जावं लागतं, म्हणून धोका कमी मानला गेला. मात्र जिथे दिवसातून चार वेळा कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावला जातो, तिथे 'जवळ जावं लागतं' याचा काही आधार नाही. ज्या बोर्डाच्या यादीत ती फाइल सिस्टिम चालूच नव्हती, त्याला या त्रुटींचा त्रासच नव्हता. रिव्ह्यूमध्ये कुणीतरी 'हे कशाला चालू ठेवलंय?' एवढंच विचारलं असेल, तर तेवढ्याने काम झालं.

याशिवाय वीज. अपडेट टाकताना मध्येच वीज गेली तर काय? बूटलोडरची एकच प्रत असेल आणि ती अर्धी लिहून झाली असेल, तर बोर्ड दगड झाला. दोन प्रती ठेवायच्या, नवी चालली नाही तर जुनीवर परतायचं, प्रोग्राम अडकला तर ठरावीक वेळाने आपोआप रीस्टार्ट करायचं. ही सगळी सोय यू-बूटमध्ये आहे. फक्त बोर्डाच्या कोडमध्ये ती जोडून घ्यावी लागते. ज्या शहरात वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे विकायच्या यंत्रासाठी हे करायलाच हवं. पण रिव्ह्यूअर परदेशात बसलेला असतो. त्याला बोर्ड कुठे वापरला जाणार हे कुणी सांगितलंच नाही तर तो विचारणार कसा? म्हणून पॅचसोबत बोर्डाची माहिती देणारं पान मागतात. अनेक जण ते दोन ओळींत उरकतात.

इतकी कटकट का?

पॅच पाठवणाऱ्या नवख्या इंजिनिअरला हा सगळा प्रकार छळ वाटू शकतो, आणि कधीकधी तो असतोही. मोकळ्या जागेचं अंतर चुकलं, फाइलचं नाव बदला, पॅचचे पाच तुकडे करा, असं करत सहा-सात फेऱ्या होतात. नव्या बोर्डवाल्याला जुन्या सामाईक कोडमधली घाणही साफ करायला लावतात, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. नवी आवृत्ती आली की नवं काम आत घेण्याची खिडकी साधारण तीन आठवडे उघडी असते. ती हुकली की गाडी पुढच्या तिमाहीवर.

पण तपासणाऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. एका बोर्डासाठी सामाईक कोडमध्ये केलेला बदल बाकीच्या हजार बोर्डांवर जातो. कुठल्यातरी जुन्या बोर्डात त्या छोट्या पहिल्या तुकड्याला जेमतेम जागा उरलेली असते. तिथे थोडासा कोड वाढला तरी तो बोर्ड बंद. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्या बोर्डांचा कोड पुन्हा तयार करून पाहिला जातो. मशीन ते करतं, पण निर्णय माणसाला घ्यावा लागतो, आणि ही माणसं मोजकी आहेत.

त्यात विश्वासाचा प्रश्न आला. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्सवर सगळीकडे असणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. 'जिया तान' नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून, थकलेल्या मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ते उघड झालं. तेव्हापासून अनोळखी नावाने आलेल्या चांगल्या कोडकडेही लोक जरा थांबून पाहतात. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहावी लागते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, याची ती जाहीर हमी असते. लिनक्समध्ये ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली.

तरीही रिव्ह्यूचा खरा प्रश्न कोडचा नसतो. तो असतो: तुम्ही तीन वर्षांनी असाल का? प्रत्येक बोर्डासोबत त्याची काळजी घेणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. यू-बूटच्या आतली रचना बदलत राहते आणि प्रत्येक बोर्डाचा कोड त्याप्रमाणे बदलावा लागतो. मुदत देऊन, कोड तयार करताना इशारे दाखवूनही कुणी पुढे आलं नाही, तर बोर्ड काढून टाकतात. असे कितीतरी बोर्ड गेल्या दहा वर्षांत काढले गेले. त्यातले बरेचसे प्रत्यक्षात कुठेतरी चालू असणारच. फक्त त्यांच्यासाठी उभं राहणारं कुणी नव्हतं.

कारखानदाराचा यात काय संबंध?

बहुतेक कंपन्या मूळ प्रकल्पात पॅच पाठवतच नाहीत. चिप कंपनीने दिलेली यू-बूटची जुनी प्रत घ्यायची, त्यात आपल्याला हवे ते बदल करायचे, यंत्र विकायचं आणि ती प्रत तिथेच सोडायची. कंपनीचे यात चार महिने वाचतात. नुकसान मात्र नंतर यंत्र घेणाऱ्याचं होतं. मूळ प्रकल्पात २०२५ मध्ये त्रुटी दुरुस्त झाल्या, त्या या प्रतीत कधीच येत नाहीत. रॅमची चिप बाजारातून गेली आणि बोर्डावर दुसरी बसवायची वेळ आली, तर आकडे बदलायला कोड नसतो. कंपनी बंद पडली तर संपूर्ण कंट्रोलर बदला. माग पंचवीस-तीस वर्षं चालवायची सवय असलेल्या धंद्यात हे परवडणारं नाही, त्यातही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यानंतर टॉवेल निर्यातदारांचं गणित आधीच फिसकटलेलं.

कायद्याचा आधार आहे का? थोडा आहे. यू-बूट ज्या जीपीएल २ परवान्याखाली येतो, त्यानुसार यू-बूट असलेलं यंत्र विकणाऱ्याला त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. सोबत दिला नाही, तर मागितल्यावर देण्याची किमान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी द्यावी लागते. म्हणजे कंट्रोलर घेणारा कारखानदार हा कोड हक्काने मागू शकतो. हा परवाना कोर्टात टिकतो हे २००४ मध्येच म्युनिकच्या कोर्टाने दाखवलं. लिनक्समधला नेटवर्कचा कोड परवाना न पाळता राउटरमध्ये वापरणाऱ्या कंपनीविरुद्ध हाराल्ड वेल्टे यांनी तिथे मनाई हुकूम मिळवला होता. आपल्याकडे कंट्रोलर घेताना हा कोड किती जण मागतात, हा प्रश्नच आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आहेत. यंत्रमाग त्यात नाही. शिवाय कोड मिळाला तरी एक अडथळा राहू शकतो. काही बोर्डांवर कंपनी चिपमध्ये आपली डिजिटल किल्ली कायमची जाळून ठेवते, म्हणजे त्या कंपनीची सही नसलेला बूटलोडर चिप चालवतच नाही. पेन ड्राइव्हच्या धोक्यावर हा उत्तम उपाय आहे आणि दुरुस्तीसाठी तितकाच मोठा अडसर. यू-बूटचा रिव्ह्यूअर यावर निकाल देत नाही. ते खरेदीच्या करारातच ठरवायला हवं.

युरोपचा कायदा या बाबतीत पुढे गेला आहे. 'सायबर रेझिलिअन्स अॅक्ट' १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. ११ सप्टेंबर २०२६ पासून, प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवणं उत्पादकांना बंधनकारक होतं आणि ११ डिसेंबर २०२७ पासून बहुतेक सगळे नियम लागू होतात. टॉवेलला हा कायदा लागत नाही. पण युरोपात कंट्रोलर विकणाऱ्या कंपनीला लागतो, मग ती कुठलीही असो. साधारण पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या द्यायच्या, वापरलेल्या ओपन सोर्स भागांची काळजी घ्यायची आणि त्यात त्रुटी सापडली तर मूळ प्रकल्पाला कळवायचं. जुनी प्रत घेऊन सोडून देणाऱ्यांना हे महागात पडणार आहे. त्याच कंपनीचा तोच बोर्ड सोलापुरात आला, तर इथल्या ग्राहकालाही आयता फायदा होईल. फक्त भारतातच विकणाऱ्यांवर असं कुठलंही बंधन नाही.

आणि इथेच 'ध्रुव ६४' येतो. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. त्यांच्या 'वेगा' मालिकेतला हा १ गिगाहर्ट्झचा, ६४ बिटचा, दोन कोरचा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आधारलेला आहे. औद्योगिक यंत्रं हा त्याच्या अपेक्षित वापरांपैकी एक. उद्या कुणी या चिपवर जॅकार्डचा कंट्रोलर बनवला तर चिप भारतीय असेल, बोर्ड भारतीय असेल, पण तो उठवणारा कोड जगभरातल्या त्याच मोजक्या माणसांच्या नजरेखालून जायला हवा. बातम्यांमध्ये गिगाहर्ट्झचे आकडे आले. बोर्डाचा कोड मूळ प्रकल्पात घालायला आणि पुढची दहा वर्षं सांभाळायला पगारी माणूस कोण नेमणार, यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

कंट्रोलर विकत घेताना विक्रेत्याला विचारता येईल असा एक साधा प्रश्न आहे: तुमचा बोर्ड मूळ यू-बूटमध्ये आहे का? 'आहे' असं उत्तर आलं तर त्यावर विसंबून राहायची गरज नाही. यू-बूटचा कोड कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यात बोर्डाच्या फोल्डरमध्ये 'मेंटेनर्स' नावाची छोटी फाइल असते. त्यात जबाबदार माणसाचं नाव आणि ई-मेल असतो, आणि त्या फोल्डरमध्ये शेवटचा बदल कधी झाला तेही दिसतं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा घरातला मुलगा-मुलगी दहा मिनिटांत ते पाहून सांगू शकेल.